सहा व्होल्टच्या ओव्हरड्राइव्हचा रिले मिळत नाही, तर काय करायचं?

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांची १९५४ ची स्टुडबेकर चॅम्पियन घरच्यांनी मोठ्या हौसेनं पुन्हा रस्त्यावर आणली. इंजिन छान चालतं, ब्रेक नवे केले, वायरिंग बरंचसं बदललं, पण ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात असताना इंजिनाचे फेरे उतरवणारी जादा गती, लागत नाही. मिस्त्री म्हणतो, “रिले गेला. हा आता कुठं भेटत नाही, ओव्हरड्राइव्ह सोडून द्या.” ताई विचारतात, अमेरिकेतून जुना रिले मागवू, की बाजारातला बारा व्होल्टचा साधा रिले चालेल?

ताई, बारा व्होल्टचा लावू नका. अमेरिकेतून मागवायचीही घाई नको. आणि ओव्हरड्राइव्ह सोडून द्यायचा विचार तर मनातूनच काढून टाका. तुमच्या गाडीत ते ०.७ च्या आसपासच्या गुणोत्तराचं आहे. म्हणजे वर्धा रोडवर ताशी पन्नास मैलांनी जाताना इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी उतरतात. सत्तरी ओलांडलेल्या इंजिनाला आपल्याकडच्या उन्हात यापेक्षा मोठा आराम दुसरा नाही.

हा रिले नेमकं करतो काय, ते आधी सांगतो. गिअरबॉक्सच्या मागे बोर्ग-वॉर्नरचं ओव्हरड्राइव्ह आहे आणि त्याच्या अंगावर मुठीएवढा जाडजूड सोलेनॉइड बसवलेला आहे. सोलेनॉइडचा दांडा आतल्या खिटीला ढकलतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती खिटी सन गिअरच्या (ओव्हरड्राइव्हच्या मधल्या चाकाच्या) चकतीच्या खाचेत बसते आणि ओव्हरड्राइव्ह लागतं. सोलेनॉइडच्या पोटात दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढताना क्षणभर वीस अँपिअरच्या आसपास करंट जातो. दांडा पूर्ण सरकला की आतला कॉन्टॅक्ट ओढणारी कॉइल तोडतो आणि पुढं एक-दोन अँपिअरवर भागतं. वीस अँपिअरचा झटका गव्हर्नरच्या, म्हणजे गाडीच्या वेगावर चालणाऱ्या स्विचच्या, नाजूक पॉइंटमधून नेता येत नाही, म्हणून मधे रिले. रिलेच्या कॉइलला इग्निशनकडून करंट मिळतो. तिचं दुसरं टोक किकडाउन स्विचमधून (पाय पूर्ण दाबला की सर्किट तोडणारा स्विच) गव्हर्नरकडे जातं, आणि गाडी ताशी २७-२८ मैलांच्या पुढं गेली की गव्हर्नर ते टोक अर्थला जोडतो. लहान करंटनं मोठा करंट सोडायचा, एवढंच या रिलेचं काम. म्हणून तोच डबा, तोच शिक्का मिळालाच पाहिजे असं नाही. तेच काम सहा व्होल्टवर, नागपूरच्या मे महिन्यात, वर्षानुवर्षं करणारा रिले पाहिजे.

पण रिले खरंच गेलाय का? माझ्याकडे “रिले गेला” म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा रिले धडधाकट निघाला आहे. तेव्हा खिशात हात घालायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या.

डॅशखालचा ओव्हरड्राइव्हचा दांडा आत ढकला, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, इग्निशन चालू. गाडीखाली जाऊन गव्हर्नरची वायर काढा आणि तिचं टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला टेकवा. दोन आवाज आले पाहिजेत. फायरवॉलवरून रिलेचा बारीक “टिक्” आणि लगेच गिअरबॉक्सजवळून सोलेनॉइडचा भारी “ठक्”. वायर उचलली की दोघांनी सोडलं पाहिजे. हे करताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बंद स्थितीत असतील तर इग्निशन कॉइल तापत राहते.

दोन्ही आवाज आले तर रिले आणि सोलेनॉइड ठीक आहेत, दोष गव्हर्नरमध्ये. त्याच्या टोपणाचं रबर जुनं होऊन चिरतं, आत तेल झिरपतं आणि पॉइंटवर काळा थर बसतो. टोपण उघडून पॉइंट पुसले की पुष्कळ गाड्या तिथंच बऱ्या होतात.

एकही आवाज आला नाही तर आधी रिलेच्या कॉइलपर्यंत इग्निशनचा करंट पोचतो का ते पाहा, मग किकडाउन स्विच. अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याच्या टोकाशी असलेला हा स्विच दाबलेल्या स्थितीत अडकला तर सर्किट कायमचं तुटतं. पायाखाली नवी जाड मॅट टाकल्यामुळं पॅडल अडून असं झालेलं मी पाहिलं आहे. अर्थिंगही पाहा. गव्हर्नर अर्थ घेतो तो ओव्हरड्राइव्हच्या अंगातून, आणि गिअरबॉक्स बसलाय रबराच्या माउंटिंगवर. इंजिन आणि चासी जोडणारी विणलेली अर्थ पट्टी सैल किंवा गंजलेली असेल तर बिचारा रिले काय करणार? बारा व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत गेला तरी गाडी चालवून घेते. सहामध्ये तोच अर्धा व्होल्ट दुप्पट महाग पडतो.

“टिक्” आला आणि “ठक्” नाही, तर आधी रिलेवरचा फ्यूज पाहा, मग रिलेच्या बॅट (बॅटरी) आणि सोल (सोलेनॉइड) या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावा आणि मदतनिसाला गव्हर्नरची वायर टेकवायला सांगा. रिले ओढलेला असताना या दोन टोकांत ०.२ व्होल्टच्या वर फरक दिसला तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळाले आहेत. फरक जवळजवळ शून्य असेल, सोलपर्यंत व्होल्टेजही येत असेल आणि तरी सोलेनॉइड गप्प असेल, तर रिलेला मोकळं सोडा आणि सोलेनॉइडकडे वळा.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर सोलेनॉइडच्या वायरवर अवश्य लावा. आकडा एकदम उसळून लगेच खाली उतरला पाहिजे. वीसच्या आसपास अडकून राहिला तर आतली ओढणारी कॉइल सुटत नाहीये. अशा सोलेनॉइडवर नवा रिले लावणं म्हणजे नवा रिले जाळणं. हे बघितल्याशिवाय कुणालाही नवा रिले बसवू देऊ नका.

आता बारा व्होल्टच्या रिलेबद्दल. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, डिसेंबरात, अशाच सहा व्होल्टच्या गाडीला मी बारा व्होल्टचा रिले लावला. इंजिन चालू असताना डायनामो साडेसातच्या जवळपास व्होल्ट देत होता, रिले टिक्‌कन ओढत होता. मालक खूश, मीही खूश. मे महिन्यात बुटीबोरीहून त्यांचा फोन आला, “भाऊ, गाडीतून जळल्याचा वास येऊन राहिला.” जाऊन पाहिलं तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळेठिक्कर आणि सोलेनॉइडला हात लावता येत नव्हता. सोलेनॉइड जुना, मूळचा, गाडीसोबत आलेला. तो मी माझ्या खर्चानं भरून दिला, पण मूळचा तो मूळचाच.

झालं असं होतं. बारा व्होल्टचा रिले ओढायला साधारण सात-आठ व्होल्ट लागतात. हिवाळ्यात ते काठावर जमलं. पण तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशाला ०.४ टक्क्यांनी वाढतो. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली ८० च्या घरात, म्हणजे २० अंशाला मोजलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळजवळ पावपटीनं चढला. ज्याला आधी सात व्होल्ट पुरत होते त्याला आता पावणेनऊ हवेत, आणि गाडी ते कधीच देणार नाही. रिले नुसता बंद राहिला असता तरी चाललं असतं. तो काठावर थरथरत राहिला, दर थरथरीला सोलेनॉइडची ओढणारी कॉइल पुन्हा पुन्हा वीस अँपिअर खात राहिली, आणि त्यात दोघंही भाजले.

दुसरा एक सल्ला तुम्हाला मिळेल, “स्टार्टरचा सोलेनॉइड लावून टाकू, तो तर शंभर अँपिअर झेलतो.” झेलतो, पण पाच-दहा सेकंद. त्याची कॉइल सतत चालू राहायला बनवलेलीच नाही. ओव्हरड्राइव्ह तर वर्ध्यापर्यंत तासभर लागलेलं राहतं.

माझी पहिली पसंती नेहमी जुना रिलेच दुरुस्त करण्याला. त्यात अवघड काही नाही. पत्र्याचं झाकण कडेनं दुमडलेलं असतं, ती कड पातळ पात्यानं हळूहळू उचला, घाईनं पत्रा फाडू नका, तोच डबा पुन्हा लागणार आहे. आत एक कॉइल, वर लोखंडाची पट्टी, एक स्प्रिंग, चांदीच्या कॉन्टॅक्टची एक जोडी. बस. कॉन्टॅक्टवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसेल. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटसाठी असते ती बारीक पॉइंट फाइल दोन-चार वेळा फिरवा, खड्डा पूर्ण जाईपर्यंत चांदी घासत बसू नका. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण मऊ चांदीत रुतून बसतात आणि तिथंच पुन्हा ठिणगी पडते. शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढा. कागद काळा येईल. तो पांढरा येईस्तोवर नवी पट्टी घेत राहा.

मग कॉइल मोजा. सहा व्होल्टच्या अशा रिलेची कॉइल दोन अंकी ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच “कॉइल गेली” म्हणू नका. मागे एका रिलेत मला भिंग लावून पाहिल्यावर दिसलं की कॉइलची तार जिथं टर्मिनलला डाग दिलेली होती तिथं, मोहरीच्या दाण्याएवढ्या हिरव्या बुरशीखाली, ती तुटली होती. बाकी सगळी कॉइल नव्यासारखी. एक फेरा उलगडून टोक मोकळं केलं, इनॅमल खरवडलं, पुन्हा डाग दिला. तो रिले अजून चालतो आहे.

कॉइल खरोखर जळली असेल तर भरून घ्या. नागपुरात मोटर भरणाऱ्यांची वाण नाही, इथं घरोघरी कूलर आहेत. मात्र फेब्रुवारीतच जा. होळी झाली की कूलरच्या मोटारींचे ढीग लागतात आणि एवढ्याशा कॉइलसाठी कुणाला मान वर करायला फुरसत नसते. समोर बसून जुनी कॉइल उलगडून घ्या, फेरे मोजायला सांगा, तारेचा गेज मायक्रोमीटरनं घ्या आणि तोच गेज, तेवढेच फेरे भरा. “थोडी जाड तार टाकतो, मजबूत होईल” याला नाही म्हणा. जाड तार म्हणजे त्याच जागेत कमी फेरे आणि जास्त करंट, कॉइल तापणार.

दुरुस्त झालेला रिले गाडीत लावण्याआधी व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या सप्लायवर तपासा. मी साडेचार व्होल्टच्या आत तो ठामपणे ओढला पाहिजे असं धरतो, कारण उन्हात तापल्यावर आणि वाटेतली घट वजा जाता त्याच्या वाट्याला पाच-साडेपाचच येतात. ओढायला जास्त लागत असतील तर स्प्रिंगचा हूक अगदी हलक्या हातानं वाकवा.

जुना रिले अगदीच हातचा गेला असेल, झाकण कुजलं, बेकलाइट तडकलं, तर नवा घ्या. सहा व्होल्ट कॉइलचा, ३० किंवा ४० अँपिअरचा, गाड्यांना वापरतात तो चौकोनी रिले. जगभर जुन्या सहा व्होल्टच्या गाड्या चालवणारे आहेत म्हणून तो अजून बनतो आणि ऑनलाइन मागवता येतो. बर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहा व्होल्टचा छोटा निळा रिले लगेच मिळेल, स्वस्तही आहे, पण त्याचे कॉन्टॅक्ट बहुधा दहा अँपिअरचे असतात. वीसच्या झटक्यानं ते एक दिवस चिकटतील.

रिले हातात आला की पहिलं काम, कॉइल मोजा. सहा व्होल्टची कॉइल २० ते २५ ओहमच्या आसपास येते, बारा व्होल्टची ८० ते ९०. वरचं स्टिकर काहीही म्हणो, मीटर म्हणेल ते खरं.

जोडणी सरळ आहे. जुन्या रिलेचं बॅट नव्याच्या ३० ला, सोल ८७ ला, इग्निशनची वायर ८६ ला आणि थ्रॉटल स्विचकडे म्हणजे किकडाउनकडे जाणारी ८५ ला. तुमच्या गाडीचं जुनं वायरिंग किती वेळा बदललं गेलंय ते मला माहीत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका, प्रत्येक वायर कुठं पोचते ते मीटरनं पाहून चिठ्ठी बांधा. पाच पायांचा रिले असेल तर मधल्या ८७ए पायाला हात लावू नका. तो रिले बंद असतानाच जोडलेला असतो. सोलेनॉइड चुकून तिथं जोडला तर गाडी शेडमध्ये उभी असतानाही त्यात करंट जात राहील आणि सकाळी बॅटरी रिकामी.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. तुमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. स्टुडबेकरनं १९५६ मध्ये बारा व्होल्ट आणि मायनस अर्थ घेतलं, तुमची त्याच्या आधीची. साध्या कॉइलला उलट-सुलट काही फरक पडत नाही. पण आजकालच्या काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो, आणि तो ८६ ला प्लस मिळणार असं धरून बसवलेला असतो. तुमच्या इग्निशनच्या वायरीत मायनस येतो. तसाच जोडला तर गव्हर्नरनं अर्थ देताच डायोडमधून शॉर्ट. म्हणून रिलेच्या अंगावरचं चित्र बघा. बाणासारखी खूण दिसली तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल करा, किंवा सरळ डायोड नसलेला रिले घ्या.

कुणी हुशारीनं सोलेनॉइडवरही डायोड लावा म्हणेल, ठिणगी कमी होते म्हणून. नको. किकडाउन कसा चालतो ते पाहा. तुम्ही ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबता, स्विच रिलेचं सर्किट तोडतो आणि त्याच वेळी सोलेनॉइडच्या सहा नंबरच्या टर्मिनलमार्फत इग्निशन क्षणभर अर्थ होतं. इंजिनाचा जोर पळभर निघतो, खिटी मोकळी होऊन परत येते आणि गाडी थर्डमध्ये उसळी घेते. सोलेनॉइडवर डायोड असला तर त्याची चुंबकशक्ती सावकाश उतरते, दांडा उशिरा सुटतो, आणि इंजिन तेवढा वेळ मार खातं. समोरून ट्रक येत असताना तेवढा उशीर नको. तसाही रिले तुटतो तेव्हा त्यातून एक-दोन अँपिअरच जात असतात, ठिणगी किरकोळ असते. सोलेनॉइडच्या चार आणि सहा नंबरच्या वायरी आपसात बदलल्या जाणार नाहीत इकडेही लक्ष द्या.

वायर निदान ४ चौरस मिलिमीटरची, ६ ची असेल तर उत्तम. थिंबल नुसता पक्कडनं चेपू नका, नीट क्रिंप करा. फ्यूज ३० अँपिअरचाच. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती आजच काढा. रिले इंजिनाच्या एक्झॉस्टपासून लांबच्या बाजूला, पाय खाली करून बसवा, म्हणजे पावसाळ्यात टर्मिनलवर पाणी साचत नाही. बॉनेट उघडल्यावर चौकोनी काळं प्लास्टिक डोळ्यांत खुपत असेल तर जुन्या रिलेचं आतडं काढून त्याच डब्यात नवा रिले बसवता येतो, जुनेच चारही स्क्रू टर्मिनल वापरून. मी हे मन लावून करतो. गाडी मूळच्यासारखी दिसावी हा हट्ट मला योग्य वाटतो.

ट्रायल पहाटे घ्या, रस्ता मोकळा असताना. दांडा आत, थर्ड गिअर, मीटरवर ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर होऊ द्या, पाय उचला, मनात एक-दोन म्हणा, पुन्हा हलका पाय द्या. इंजिनाचा आवाज उतरलेला कानाला कळतो. मग पाय पूर्ण दाबून किकडाउन पाहा. मग वेग वीस मैलांच्या खाली आणून ओव्हरड्राइव्ह आपणहून सुटतं का ते बघा. ही शेवटची तपासणी विसरू नका. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर खिटी आत अडकून राहते आणि रिव्हर्स टाकल्यावर गाडी जागेवर अडते. तसं झालं तर जोर लावू नका, आत काहीतरी तुटेल. आधी फ्यूज काढा, गाडी थोडी पुढं घ्या, खिटी सुटू द्या.

आणि घरातल्या नव्या चालवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. दांडा आत असताना कमी वेगात गाडी फ्रीव्हीलवर असते, म्हणजे इंजिनाचं ब्रेकिंग मिळत नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावर दांडा बाहेर ओढूनच उतरा, आणि उतारावर गाडी लावताना पुढच्या गिअरवर विसंबू नका, रिव्हर्स टाका आणि हँडब्रेक ओढा. धक्का देऊन सुरू करायची वेळ आली तरी दांडा बाहेर पाहिजे, नाहीतर चार माणसं घामाघूम होतील आणि इंजिन फिरणारच नाही.

रिले घ्याल तेव्हा दोन घ्या. दुसरा चारही पायांना वायरीचे तुकडे लावून, टोकांना चिठ्ठ्या बांधून, दोन फ्यूजसह ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. तपासणीत क्लॅम्प मीटरचा आकडा काय आला आणि “टिक्”, “ठक्” पैकी कोणता आवाज आला ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.